शाळेची मान्यता कशी तपासावी?

प्रवेश घेताना आपण फी विचारतो, बसचा मार्ग विचारतो, पण मान्यतेचा कागद बघायचं राहून जातं. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यानुसार पहिली ते आठवीची कोणतीही खासगी शाळा मान्यता प्रमाणपत्राशिवाय चालवता येत नाही. चालवली तर एक लाख रुपयांपर्यंत दंड होतो, आणि तरीही सुरू ठेवली तर दिवसाला दहा हजारांपर्यंत.

प्रमाणपत्रासाठीचे निकष कायद्याच्या परिशिष्टातच दिले आहेत : पिण्याचं शुद्ध पाणी, मुलामुलींची वेगळी स्वच्छतागृहं, मैदान, ग्रंथालय, आणि पहिली ते पाचवीत साठ मुलांपर्यंत किमान दोन शिक्षक. शाळेत फेरी मारताना स्वच्छतागृहाचं दार जरूर उघडून बघा. कागदावर ते असतंच.

महाराष्ट्रात नवी खासगी शाळा बहुतेक वेळा २०१२ च्या स्वयंअर्थसहाय्यित शाळा कायद्याखाली उघडते. सीबीएसईची संलग्नता हवी असेल तर पूर्वी आधी राज्याचं ना हरकत प्रमाणपत्र लागायचं. ‘संलग्नता प्रस्तावित’ असं फलकावर लिहिलं असेल, तर संलग्नता अजून मिळालेली नाही, एवढाच त्याचा अर्थ.

शाळांच्या सरकारी नोंदीतला अकरा अंकी यूडायस क्रमांक मागा. महाराष्ट्रातला २७ ने सुरू होतो. मात्र तो मान्यतेच्या प्रमाणपत्राची जागा घेत नाही. माध्यमिक शाळेला मंडळाची मान्यता नसेल, तर ऐन दहावीत मुलांवर १७ नंबरचा फॉर्म भरून खासगीरीत्या परीक्षेला बसायची वेळ येते. हा अन्याय मुलांनी का सोसावा? प्राथमिक शाळेची मान्यता काढताना मुलांना जवळच्या कोणत्या शाळेत घ्यायचं, हे त्याच आदेशात लिहिणं बंधनकारक आहे; त्या आदेशाची प्रत मागून घ्या.