दहा हजार म्हणजे नेमके किती?

इतिहासाच्या पाठात लढाई आली की आकडे येतात. अमुक हजार घोडदळ, तमुक हजार पायदळ, इतके ठार, इतके जखमी. विद्यार्थी ते पाठ करतात, एका गुणाच्या उत्तरात लिहितात आणि परीक्षा झाली की विसरतात. दहा हजार आणि एक लाख यांत त्यांना दिसतो तो फक्त एका शून्याचा फरक. त्या शून्यांमागे माणसे होती, त्यांना आई-वडील होते, घरी वाट पाहणारी मुले होती, हे मुलांना कसे दाखवायचे, हा आम्हा शिक्षकांपुढचा जुना प्रश्न आहे. त्याचे एक उत्तर आम्हाला अनपेक्षित ठिकाणी, एका छंदात सापडले.

ब्रिटन आणि युरोपात इतिहासातल्या लढाया टेबलावर मांडून खेळण्याचा छंद बराच जुना आहे. डोंगर, ओढे, गावे यांची प्रतिकृती करायची, दोन्ही फौजांचे छोटे पुतळे मांडायचे आणि नियमांप्रमाणे त्यांना हलवायचे. त्याचे मूळ प्रशियाच्या लष्करात आहे. राइसविट्झ नावाच्या अधिकाऱ्याने १८२४ मध्ये या खेळाचे नियम प्रसिद्ध केले आणि तिथल्या लष्कराने अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी ते स्वीकारले.

एकास एक

नेहमीच्या खेळात पुतळा इंचभर उंचीचा असतो आणि एक पुतळा वीस, तेहतीस किंवा पन्नास सैनिकांच्या जागी धरला जातो. म्हणजे सहाशेच्या पलटणीसाठी वीस-तीस पुतळे पुरतात. काही छंदिष्टांना मात्र ही तडजोड मान्य नाही. त्यांचा आग्रह असा की सैनिक जितके होते तितकेच पुतळे हवेत, एकास एक. त्यासाठी पुतळा लहान करावा लागतो. सहा, तीन, अगदी दोन मिलिमीटर उंचीचेही पुतळे मिळतात. दोन मिलिमीटरचा सैनिक म्हणजे तांदळाच्या दाण्याहूनही लहान. त्याला चेहरा नसतो.

यात गणिताची एक गंमत आहे. हा पुतळा खऱ्या माणसाच्या साधारण हजारपट लहान. मग जमीनही हजारपट लहान करता येते, एक किलोमीटरचे एक मीटर. सहाशे जणांची पलटण तीन रांगांत उभी केली तर ती सुमारे बारा सेंटिमीटर लांब होते, अर्ध्या वितीएवढी. वॉटर्लूची आघाडी चार-पाच मीटरच्या टेबलावर मावते. माणसे आणि जमीन दोन्ही एकाच मापात आली की लढाई कशी दिसली असेल याचा अंदाज येतो. सेनापतीला स्वतःचे सगळे सैन्य का दिसत नव्हते, निरोप पोहोचायला वेळ का लागत होता, हे न सांगता कळते.

एका कप्तानाचा हिशेब

मोजणीचा असाच ध्यास विल्यम सायबर्न या ब्रिटिश अधिकाऱ्याने घेतला होता. १८३० मध्ये त्याला वॉटर्लूच्या लढाईची प्रतिकृती करण्याचे काम मिळाले. तो रणभूमीवरच्या शेतवाडीत आठ महिने राहिला, जमीन मोजली आणि लढाईत भाग घेतलेल्या अधिकाऱ्यांना पत्रे लिहून विचारले की संध्याकाळी सातच्या सुमारास तुमची तुकडी कुठे होती. १८३८ मध्ये सुमारे ४०० चौरस फुटांची ती प्रतिकृती लंडनमध्ये लोकांना खुली झाली. तिच्यावर सत्तर हजारांहून अधिक पुतळे होते. तरीही लढाईतल्या दर दोन-तीन सैनिकांमागे एकच पुतळा, कारण १८ जून १८१५ रोजी तिन्ही फौजा मिळून पावणेदोन लाखांहून अधिक माणसे तिथे आली होती. मृत आणि जखमी चाळीस हजारांच्या वर गेले.

सरकारने पैसा थांबवला आणि सायबर्न कर्जात बुडाला. वादही झाला. विजयात प्रशियन फौजेचा वाटा किती, हा प्रश्न वेलिंग्टनच्या बाजूला नाजूक होता. अखेर सायबर्नने प्रतिकृतीवरच्या प्रशियन सैन्याच्या मांडणीत बदल केला. बोटाच्या पेराहून लहान पुतळे, पण ते किती आणि कुठे ठेवायचे यावर मोठी माणसे अस्वस्थ झाली. मोजणी प्रामाणिक असेल तर तिला इतकी ताकद असते. ती प्रतिकृती आज लंडनच्या नॅशनल आर्मी म्युझियममध्ये आहे.

पानिपत मांडले तर

आपल्या महाराष्ट्राला जवळची लढाई म्हणजे १४ जानेवारी १७६१ चे पानिपत. पराभवाची बातमी देणाऱ्या प्रसिद्ध सांकेतिक पत्रात मोठ्या माणसांना मोती आणि मोहरा म्हटले होते. सामान्य शिपाई ठरले चिल्लर खुर्दा, ज्याची गणतीच नाही. एकास एक मांडणीत चिल्लर खुर्दा हा प्रकार नसतो. तिथे प्रत्येकाला जागा द्यावी लागते.

मराठ्यांच्या बाजूने लढलेल्या इब्राहिमखान गारद्याचे आठ-नऊ हजार शिपाई तीन रांगांत उभे केले तर टेबलावर दोन मीटरची ओळ होईल. इब्राहिमखान जखमी होऊन पकडला गेला आणि मारला गेला. समोर अब्दालीच्या बाजूला शुजाउद्दौलाच्या फौजेत अनुपगिर गोसाव्याचे गोसावी होते. आपल्या मुलांना कधी वर्गात, कधी मैदानावर पानिपताच्या नावाने टोमणा ऐकावा लागतो. अशा वेळी चिडून किंवा मान खाली घालून भागत नाही. कोण कुठे उभा होता, हे त्यांना नकाशावर दाखवता आले पाहिजे.

आपल्या घरात हे चालेल का?

हा प्रश्न रास्त आहे. पुतळ्यांबाबत उलेमांमध्ये तपशिलाची चर्चा आहे. हजरत आयशा (रजि.) यांच्या लहानपणच्या बाहुल्यांचा आणि पंख असलेल्या घोड्याचा उल्लेख हदीसमध्ये येतो. अवयव ओळखू येणार नाहीत इतक्या लहान चित्राचा विचार फिकहच्या किताबांत वेगळा केला आहे. बुद्धिबळाबाबत हनफी उलेमांची भूमिका कडक आहे, तर जुगार नसेल आणि नमाज चुकत नसेल तर शाफई उलेमांनी तितकी कडक धरलेली नाही. कोकणातली आपली बरीच घरे शाफई, देशावरची बहुतेक हनफी, म्हणून आपापल्या मस्जिदीतल्या आलिम साहेबांना विचारावे. फाशांबद्दल मात्र हदीसमध्ये कडक ताकीद आहे आणि हे खेळ बहुधा फाशांवर चालतात. बद्र, उहुद यांसारख्या गजवांची आणि सहाबांची पुतळ्यांत मांडणी करणे तर अदबीला धरून होणारच नाही.

पण या छंदातले मोलाचे तेवढे घ्यायला पुतळे लागत नाहीत, फासेही नाहीत. आलेख कागद पुरतो. त्यावर दहा सेंटिमीटर लांब-रुंद चौकोन आखला की आत एक मिलिमीटरचे दहा हजार घर येतात. एक घर, एक माणूस. मुलांना टोकदार पेन्सिलने प्रत्येक घरात एक ठिपका द्यायला सांगावे. सेकंदाला एक या वेगाने न थांबता काम केले तरी पावणेतीन तास लागतात. वॉटर्लूचे चाळीस हजार भरायला अकरा तास. वर्गात हे काम वाटून द्यावे, घरी भावंडांनी मिळून दोन-चार दिवसांत करावे.

मोबाइलवरच्या गोळीबाराच्या खेळात मेलेला पुढच्या डावात उठून उभा राहतो, म्हणून तिथे मारण्याची फक्त संख्या होते. कागदावरचा ठिपका खोडला की खोडला. एका निरपराध जिवाची किंमत कुरआनने केवढी ठरवली आहे, हे आपल्या मुलांना मदरशातच शिकवले जाते. ते शिकलेले मनात उतरायला असा एखादा कागद मदत करतो. पालकांनी त्यावर वेगळे भाषण देऊ नये. भरलेला कागद काही दिवस अभ्यासाच्या टेबलासमोर लावून ठेवावा आणि पुढच्या वेळी बातम्यांत मृतांचा आकडा आला, की तो या कागदावर केवढा होईल एवढेच मुलांना विचारावे.