सिव्हिल लाइन्सचे मैदान : नागपूरच्या जुन्या क्रिकेट स्टेडियमची वाटचाल

नागपूरच्या सिव्हिल लाइन्स भागात विदर्भ क्रिकेट असोसिएशनचे, म्हणजेच व्हीसीएचे, जुने मैदान आहे. 1969 ते 2007 या काळात तेथे पुरुषांचे 9 कसोटी आणि 14 एकदिवसीय आंतरराष्ट्रीय सामने झाले. 2008 मध्ये वर्धा मार्गावरील जामठा येथे नवे स्टेडियम उभे राहिले आणि मोठे सामने तिकडे गेले. जुन्या मैदानाकडे मुख्यतः देशांतर्गत क्रिकेट उरले. रणजी करंडकात दीर्घकाळ दुबळ्या मानल्या गेलेल्या संघाच्या या घरच्या मैदानाने नागपूरला जागतिक क्रिकेटच्या नकाशावर नेले.

या मैदानाचे स्थान समजण्यासाठी महाराष्ट्राची क्रिकेटमधील विभागणी पाहावी लागते. राज्य एक असले तरी रणजी करंडकात त्याचे तीन संघ उतरतात : मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ. ही विभागणी भाषावार राज्यरचनेपेक्षा जुन्या प्रशासकीय सीमांना धरून आहे. नागपूर ही मध्य प्रांत व वऱ्हाडची राजधानी होती आणि 1934-35 मध्ये रणजी स्पर्धा सुरू झाली तेव्हा त्या प्रांताचा स्वतंत्र संघ होता. 1956 च्या राज्य पुनर्रचनेनंतर विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला. क्रिकेटमध्ये मात्र त्याचे वेगळे अस्तित्व राहिले. 1957-58 पासून विदर्भ या नावाचा संघ रणजीत खेळू लागला.

या विभागणीचा परिणाम जालना जिल्ह्याच्या सीमेवर आजही दिसतो. 1956 पर्यंत हैदराबाद राज्यात असलेला आणि 1981 मध्ये स्वतंत्र जिल्हा झालेला जालना क्रिकेटच्या दृष्टीने पुण्यातील महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनच्या कक्षेत येतो. 2014 च्या 19 वर्षांखालील विश्वचषकात भारताचे नेतृत्व करणारा जालन्याचा विजय झोल महाराष्ट्राच्या संघातून खेळला. जालन्याहून जवळच असलेले सिंदखेडराजा मात्र बुलडाणा जिल्ह्यात, म्हणजे विदर्भात मोडते. तेथील मुलाची वाट नागपूरला जाते आणि अनेक दशके ती वाट सिव्हिल लाइन्सच्या मैदानावरच पोहोचत होती.

नागपूरला क्रिकेटची परंपरा नवी नव्हती. भारताचे पहिले कसोटी कर्णधार सी. के. नायडू यांचा जन्म 31 ऑक्टोबर 1895 रोजी याच शहरात झाला. मात्र शहरातील पहिल्या कसोटीसाठी 1969 साल उजाडावे लागले. 3 ऑक्टोबर 1969 रोजी न्यूझीलंडविरुद्धचा सामना सुरू झाला. मन्सूर अली खान पतौडी भारताचे, तर ग्रॅहॅम डाउलिंग पाहुण्यांचे कर्णधार होते. न्यूझीलंडने 319 आणि 214 धावा केल्या. भारताचे डाव 257 आणि 109 धावांत आटोपले. डावखुरा फिरकी गोलंदाज हेडली हॉवर्थ याने सामन्यात 9 बळी घेतले. 167 धावांचा हा विजय न्यूझीलंडचा भारतभूमीवरील पहिला कसोटी विजय होता.

त्यानंतर दुसऱ्या कसोटीसाठी नागपूरकरांना 14 वर्षे वाट पाहावी लागली. 1983 मध्ये पाकिस्तानविरुद्धचा सामना अनिर्णित राहिला. भारताचा येथील पहिला कसोटी विजय डिसेंबर 1986 मध्ये श्रीलंकेविरुद्ध आला. दिलीप वेंगसरकर यांच्या 153 आणि मोहिंदर अमरनाथ यांच्या 131 धावांनंतर मनिंदर सिंग यांनी दुसऱ्या डावात 51 धावांत 7 बळी घेतले आणि भारताने डाव व 106 धावांनी सामना जिंकला. दरम्यान जानेवारी 1985 मध्ये इंग्लंडविरुद्धच्या लढतीने मैदानावर एकदिवसीय क्रिकेटचीही सुरुवात झाली होती.

मैदानाच्या इतिहासातला सर्वांत गाजलेला दिवस म्हणजे 31 ऑक्टोबर 1987. रिलायन्स विश्वचषकाच्या साखळी फेरीतील भारत-न्यूझीलंड सामना नायडूंच्या जन्मतारखेलाच झाला. न्यूझीलंडच्या डावात चेतन शर्मा यांनी केन रदरफोर्ड, इयान स्मिथ आणि इवेन चॅटफिल्ड यांना लागोपाठच्या तीन चेंडूंवर त्रिफळाचीत केले. विश्वचषकातील ही पहिली हॅट्रिक होती. न्यूझीलंडने 9 बाद 221 धावा केल्या. गटात ऑस्ट्रेलियाच्या वर राहायचे, तर भारताला हे लक्ष्य 42.2 षटकांत गाठणे आवश्यक होते. कृष्णम्माचारी श्रीकांत यांनी 75 धावांची घणाघाती खेळी केली. अंगात ताप असलेल्या सुनील गावसकर यांनी 88 चेंडूंत नाबाद 103 धावा काढल्या. भारताने एकच गडी गमावून 32.1 षटकांत विजय मिळवला. कसोटीत 34 शतके करणाऱ्या गावसकरांचे एकदिवसीय क्रिकेटमधील हे एकमेव शतक. कारकिर्दीतला हा त्यांचा शेवटून दुसरा एकदिवसीय सामना होता.

याच मैदानाने एक मोठी दुर्घटनाही पाहिली. 26 नोव्हेंबर 1995 रोजी भारत-न्यूझीलंड सामन्याच्या मध्यंतरात प्रेक्षागृहाच्या भिंतीचा भाग कोसळला. नऊ प्रेक्षकांचा मृत्यू झाला आणि अनेक जण जखमी झाले. सामना पुढे खेळवला गेला आणि नेथन अॅस्टलच्या शतकाच्या बळावर 348 धावा उभारणारा न्यूझीलंड 99 धावांनी जिंकला. या मैदानाच्या कोणत्याही विक्रमाइतकीच त्या नऊ जणांची आठवण महत्त्वाची आहे. प्रेक्षागृहाची मजबुती, प्रवेशद्वारांची रुंदी आणि गर्दीचे नियोजन ही स्टेडियमची पहिली जबाबदारी असते, हे त्या दिवशी सिद्ध झाले.

नागपूरची खेळपट्टी बहुतेक वेळा फलंदाजांना साथ देत असे. सचिन तेंडुलकरने येथे 1994 मध्ये वेस्ट इंडीजविरुद्ध 179, तर झिम्बाब्वेविरुद्ध 2000 मध्ये नाबाद 201 आणि 2002 मध्ये 176 धावा केल्या. 2000 च्या कसोटीत भारताने 609 धावांवर डाव घोषित करून झिम्बाब्वेवर फॉलोऑन लादला. पण अँडी फ्लॉवरच्या नाबाद 232 धावांनी सामना वाचवला.

ऑक्टोबर 2004 मध्ये चित्र पालटले. ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या तिसऱ्या कसोटीसाठी खेळपट्टीवर भरपूर गवत होते. ती यजमान संघाच्या फिरकीपेक्षा पाहुण्यांच्या वेगवान माऱ्याला पोषक ठरली. कर्णधार सौरव गांगुली खेळला नाही आणि नेतृत्व राहुल द्रविडकडे आले. जेसन गिलेस्पीने सामन्यात 9 बळी घेतले, डेमियन मार्टिनने 114 आणि 97 धावा केल्या. अॅडम गिलख्रिस्टच्या संघाने 342 धावांनी विजय मिळवून 35 वर्षांनंतर भारतात कसोटी मालिका जिंकली. खेळपट्टी कोणासाठी बनवायची, यजमान संघासाठी की खेळासाठी, हा वाद त्यानंतर देशभर रंगला.

मैदानावरची शेवटची कसोटी मार्च 2006 मध्ये इंग्लंडविरुद्ध झाली. वेस्ट इंडीजमधील दौऱ्यावरून तातडीने बोलावलेल्या 21 वर्षांच्या अॅलिस्टर कुकने पदार्पणात 60 आणि नाबाद 104 धावा केल्या. याच सामन्यात पदार्पण करणाऱ्या माँटी पनेसरचा पहिला कसोटी बळी तेंडुलकर ठरला. भारताच्या बाजूने श्रीशांतचीही ही पहिली कसोटी होती. ऑक्टोबर 2007 मध्ये ऑस्ट्रेलियाने अँड्र्यू सायमंड्सच्या नाबाद शतकाच्या जोरावर 18 धावांनी जिंकलेला सामना पुरुषांच्या क्रिकेटमधील येथील अखेरचा आंतरराष्ट्रीय सामना ठरला.

त्यानंतरच्या वर्षी जामठ्याचे स्टेडियम तयार झाले. तेथे सुमारे 45 हजार प्रेक्षकांची सोय असून शहराबाहेर असल्याने भोवती मोकळी जागाही भरपूर आहे. नोव्हेंबर 2008 मध्ये तेथील पहिल्या कसोटीत भारताने ऑस्ट्रेलियाला 172 धावांनी हरवले. गांगुलीची ती शेवटची कसोटी होती. या स्थलांतराची एक किंमतही होती. जुने मैदान भर शहरात असल्याने सायकलवर किंवा पायी जाऊन सामना बघता येत असे. जामठ्याला जायचे तर वाहन लागते.

सिव्हिल लाइन्सचे मैदान बंद मात्र पडले नाही. रणजी करंडकाचे व वयोगटांचे सामने आणि खेळाडूंचा सराव तेथे चालू राहिला. विदर्भाच्या क्रिकेटची खरी भरभराटही याच काळातली. रणजी स्पर्धेत एलिट आणि प्लेट असे गट पडल्यावर विदर्भाचे बरेच हंगाम खालच्या प्लेट गटात गेले. 2011 मध्ये उमेश यादव कसोटी संघात आला; विदर्भाकडून खेळत तेथवर पोहोचलेला तो पहिला खेळाडू. पुढे प्रशिक्षक चंद्रकांत पंडित आणि कर्णधार फैज फझल यांच्या काळात संघाने 2017-18 मध्ये इंदूरच्या अंतिम सामन्यात दिल्लीला 9 गड्यांनी हरवून पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला. त्या सामन्यात रजनीश गुरबानीने हॅट्रिक घेतली. 2018-19 मध्ये संघाने करंडक राखला आणि 2024-25 मध्ये केरळविरुद्ध पहिल्या डावातील आघाडीवर तिसऱ्यांदा मिळवला.

आंतरराष्ट्रीय सामने गेले म्हणून क्रिकेटचे मैदान संपत नाही. त्यावर रोज खेळणारी मुले गेली की ते संपते. सिव्हिल लाइन्सला 38 वर्षांत मोठे पाहुणे मिळाले, पण घरच्या संघाला एकही रणजी विजेतेपद मिळाले नाही. ती तिन्ही विजेतेपदे पाहुणे दुसरीकडे गेल्यानंतर आली. स्थानिक क्रिकेटसाठी मोकळे राहिलेले जुने मैदान जपणे हे नवे स्टेडियम बांधण्याइतकेच महत्त्वाचे आहे, असे विदर्भाचा हा अनुभव सांगतो.