पाच जणांचा डाव

ठाण्याहून जुन्या आग्रा रस्त्याने भिवंडीकडे निघालात, की खाडीवरच्या कशेळी पुलाच्या अलीकडे बाळकुम लागते. जुनी आगरी-कोळी वस्ती. आता भोवताली उंच इमारती झाल्या आहेत. या पट्ट्यात कबड्डी म्हणजे काय, हे कुणाला समजावून सांगावे लागत नाही. पण घरातला मुलगा कानाला यंत्र लावून पडद्यापुढे बसतो आणि “अरे मागे ये, मागे ये!” असे ओरडतो, तेव्हा आजीला वाटते, पोराला झाले तरी काय? काही झालेले नसते. तोही संघाचाच डाव खेळत असतो.

‘डोटा’, ‘लीग ऑफ लेजेंड्स’ अशी या खेळांची नावे. दोन बाजू, प्रत्येकी पाच गडी. समोरासमोरच्या कोपऱ्यांत दोन ठाणी, त्यांना जोडणाऱ्या तीन वाटा आणि वाटांवर बुरूज. बुरूज पाडीत समोरच्यांचे ठाणे फोडले, की डाव जिंकला. गडी किती मारले, यावर निकाल ठरत नाही.

खरी गंमत सोन्याची. शत्रूच्या शिपायावर शेवटचा घाव ज्याचा, सोने त्याचे. त्या सोन्यातून शस्त्रे घ्यावयाची. पण ते पाचांना पुरत नाही. म्हणून एकदोघे हात आखडता घेतात, सोने सोबत्याला सोडतात, पहारा ठेवतात, जखमी गड्याला सावरतात. फलकावर त्यांचे आकडे लहानच दिसतात. कबड्डीत घोटा धरणाऱ्याचे नाव होते. साखळीतला दुसरा हात कुणाला आठवतो? तो सुटला, की चढाई करणारा मध्यरेषा गाठतोच ना!

फरक एवढाच, की कबड्डीतला सोबती आपल्याच आळीतला असतो. इथे पुष्कळदा पाचही जण अनोळखी. तोंडे दिसत नाहीत, म्हणून जिभा सुटतात. एखादा गडी मेला, की सोने समोरच्यांना मिळते, आणि लगेच त्याच्यावर शिव्यांचा भडिमार होतो. तो बिचारा मग चिडून आणखी चुकतो, नाहीतर डाव सोडून जातो. मागे उरले चार. शिवी देणाऱ्याने फायदा केला तो समोरच्यांचाच! मेलेला गडी काही वेळाने आपोआप परत येतो. तेवढ्या वेळात पुढे काय करायचे ते बोलावे. चुकीचा पंचनामा कशाला?

आणखी एक गोष्ट आईवडिलांसाठी. हा डाव अर्ध्या तासाचा, कधी त्याहून लांबतो. मध्येच उठले, तर चौघांचा घात होतो. डोटात असे सोडून जाणाऱ्याला शिक्षाही होते. त्याला काही डाव तशाच गड्यांबरोबर खेळावे लागतात. तेव्हा जेवायला बोलावण्याआधी विचारा, “बाबा रे, डाव किती उरलाय?” आणि मुलांनो, ताट वाढायची वेळ झाली असताना नवा डाव मांडू नका.

2022 साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल ई-स्पोर्ट्स स्पर्धेत मोईन एजाज यांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघाने डोटात न्यूझीलंडला हरवून कांस्यपदक मिळवले. अशा सामन्यांत हरणारा संघ ‘जीजी’ ही दोन अक्षरे लिहून हार मान्य करतो. अर्थ इतकाच, की डाव छान झाला.

गुरुजींनी एक करून पाहावे. हा खेळ खेळणाऱ्या मुलाला फळ्यावर तीन वाटांचा नकाशा काढू द्यावा आणि विचारावे, “काल तू कुणाला वाचवलेस?” किती मारले, ते तो आपण होऊन सांगेलच.