नार्नूर: बाजारापुरतं एक गाव

नार्नूरच्या बाजारात कुणाला गाव विचारा, उत्तरात गुड्याचं नाव येतं नाहीतर तांड्याचं. गोंड-कोलाम गुड्यांत, बंजारा तांड्यांवर, मराठी बोलणारे आंध आणि दलित आपापल्या वस्तीत. तेलंगणातल्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या या मंडळाच्या ठिकाणाला आता शहरी कळा चढतेय. मोबाइलची दुकानं आली, ऑटोंची रांग लागते. वस्त्या मात्र जागच्या जागी आहेत.

घासाघीस बरीचशी मराठीत चालते. 1956 च्या राज्य पुनर्रचनेत किनवट, राजुरा मुंबई राज्यात गेले आणि हा भाग आंध्र प्रदेशात गेला. सोयरिकी काही नकाशा बघून मोडल्या नाहीत. घरात गोंडी किंवा गोरमाटी, कचेरीत तेलुगू आणि पालेभाजीच्या ढिगापाशी मराठी, असा इथला रिवाज.

हा सलोखा बाजार उठेपर्यंतचा. 1976 च्या कायद्याने तेलंगणातले लंबाडे, म्हणजे हेच बंजारा, अनुसूचित जमातीत आले. महाराष्ट्रात त्यांचेच भाऊबंद विमुक्त जातींत राहिले. मग सीमेपलीकडून माणसं येत राहिली, जमिनीचा नि नोकऱ्यांचा वाटा कुणाचा यावर गोंडांची धुसफूस वाढली. 2017 च्या अखेरीस शेजारच्या उटनूर भागात ती हाणामारीवर गेली. त्याबद्दल विचारलं तर बाजारातली माणसं कापसाच्या भावावर बोलायला लागतात. मागास तालुक्यांच्या विकासासाठी नार्नूरला पंतप्रधान पुरस्कारही मिळाला आहे. आनंदच आहे; पण त्यासाठी मोजलेल्या आरोग्य, पोषण, शिक्षणाच्या तक्त्यांत या शेजाराला रकाना नाही.

मला खरी ओढ होती गुंजालाची. याच मंडळातलं हे गोंडांचं गाव. इथल्या हस्तलिखितांकडे 2006 मध्ये हैदराबाद विद्यापीठाच्या संशोधकांचं लक्ष गेलं आणि गोंडीची स्वतंत्र लिपी जगापुढे आली. देवनागरी नाही, तेलुगूही नाही. अक्षरांची ठेवण अगदी स्वतःची. पोथ्यांत वार, महिने, सण आहेत, चंद्रपूरच्या गोंड राजांच्या हकिगती आहेत. ज्यांना शहाणी माणसं शतकभर निरक्षर म्हणत आली, त्यांच्या घरात ही बाडं सांभाळलेली होती! 2018 मध्ये ‘गुंजाला गोंडी’ युनिकोडमध्ये दाखल झाली, म्हणजे मोबाइलवर उमटायची सोय झाली. लिपीला गावाचं नाव मिळालं हे मला फार आवडलं. गुंजालाचा पोरगा आता ते छाती काढून सांगू शकतो. परतताना नार्नूरच्या दुकानांच्या पाट्या मुद्दाम वाचत आलो. तेलुगू भरपूर, इंग्रजी थोडी. गुंजालाची अक्षरं एकाही पाटीवर दिसली नाहीत.