साठीनंतर हातात पैसा कुठून येणार?

तायांनो, गटाच्या मीटिंगमध्ये आपण कर्ज, हप्ता, व्याज सगळं बोलतो. पण साठीनंतर काय, असं विचारलं की बहुतेक जणी म्हणतात, "पोरं आहेत की." असू देत. पण बीपीच्या गोळ्यांना आणि लेकीकडे जायच्या एसटी भाड्याला दर वेळी कुणापुढे तरी हात पसरायचा का? हा विचार आत्ताच करायचा, कारण यातली मुख्य योजना चाळिशीनंतर घेताच येत नाही.

ती म्हणजे अटल पेन्शन योजना. २०१५ पासून सुरू आहे. वय १८ ते ४० हवं, बँकेत किंवा पोस्टात बचत खातं हवं, आणि इन्कम टॅक्स भरणारी नसावी. हप्ता खात्यातून आपोआप कापला जातो. साठीनंतर, आपण ठरवलं असेल त्याप्रमाणे, महिना १००० ते ५००० रुपये हयातभर मिळतात. १००० रुपयांच्या पेन्शनला २५व्या वर्षी सुरुवात केली तर हप्ता महिना ७६ रुपये, ३०व्या वर्षी ११६, आणि ३९व्या वर्षी २६४. "पुढच्या वर्षी बघू" हे इथं महागात पडतं.

"मालकांनी काढलंय, मला कशाला?" असंही ऐकायला मिळतं. ते पेन्शन ते असेपर्यंत त्यांच्याच खात्यात येणार, तुम्हाला त्यांच्यानंतर. तुमचं वेगळं काढता येतं. मी तर म्हणेन, काढाच. तुमच्यानंतर ते मालकांना चालू राहतं, आणि दोघांनंतर साठलेली रक्कम वारसाला मिळते.

एक गोष्ट मात्र खरी. आज १००० रुपयांत जेवढा किराणा येतो, तेवढा तीस वर्षांनी येणार नाही. म्हणून झेपत असेल तर २००० चं घ्या. ३०व्या वर्षी त्याचा हप्ता २३१ रुपये. लाडकी बहीणचे १५०० येतात त्यातून हे निघू शकतं. ते पैसे वयाच्या ६५ पर्यंतच आहेत, हेही लक्षात असू द्या. आणि खात्यात हप्त्यापुरती शिल्लक ठेवा, नाहीतर दंड लागतो.

चाळिशी ओलांडलेल्यांनी काय करायचं? पोस्टाची आरडी महिना १०० रुपयांपासून आहे, गटाची बचत आहेच. ६५ पूर्ण झाल्यावर श्रावणबाळ योजना: दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव किंवा कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत असेल तर महिना १५००. अर्ज तहसीलच्या संजय गांधी शाखेत. विधवा, निराधार ताईंनी ६५ ची वाट बघू नये, त्यांच्यासाठी संजय गांधी निराधार योजना आहे. दरवर्षी हयातीचा दाखला दिला नाही की पैसे थांबतात, मग हेलपाटे सुरू.

आता ज्यांच्या सासूबाईंना पेन्शन चालू आहे त्यांना एक विचारते: पासबुक कुणाकडे आहे? एटीएम नातवाकडे आणि आजीला किती आले तेच माहीत नाही, असं बऱ्याच घरांत दिसतं. बँक सखीकडे आजीला स्वतः घेऊन जा. अंगठा लावल्यावर पावती घ्या, आकडा तिला मोठ्याने वाचून दाखवा, आणि पैसे तिच्याच हातात द्या. काय करायचं ते ती बघेल.

पुढच्या मीटिंगला आधार कार्ड आणि पासबुक घेऊन या. ३८-३९ वर्षांच्या ताईंचे फॉर्म आपण आधी भरू.