कबरीवर नाव नसलेली गायिका



घरातली पोरं मोबाईलवर इंग्रजी गाणी लावतात. जोरदार ठेका, करकरणारी गिटार. आपण म्हणतो, "काय हा धांगडधिंगा!" या संगीताला म्हणतात रॉक अँड रोल. ते कुणी सुरू केलं असं विचारलं, की अमेरिकेतल्या पुरुषांची नावं पुढं येतात. एल्विस प्रेस्ली, चक बेरी, लिटल रिचर्ड. पण या सगळ्यांच्या आधी एक बाई तसं वाजवत होती. कापूस वेचणाऱ्या आईची लेक. तिचं नाव सिस्टर रोझेटा थार्प.

रोझेटाचा जन्म १९१५ सालचा. अमेरिकेच्या आर्कान्सा राज्यात कॉटन प्लांट नावाचं गाव आहे. कॉटन प्लांट म्हणजे कपाशीचं झाड. गावाचं नावच असं, तर तिथलं काम काय असणार ते तुम्ही ओळखलंच असेल. आई केटी बेल कापूस वेचायची, आणि चर्चमध्ये गायची, मँडोलिन वाजवायची, प्रवचनही करायची. त्यांच्या पंथात टाळ्या वाजवून, वाद्यं घेऊन देवाची गाणी म्हणायची रीत होती. पोरगी शाळेत जायच्या वयाची होण्याआधीच गिटार वाजवू लागली. पुढं मायलेकी शिकागो शहरात आल्या. तिथून गावोगावच्या चर्चमध्ये जाऊन गाऊ लागल्या.

चर्चमधल्या बायकांना 'सिस्टर' म्हणायची पद्धत होती. सिस्टर म्हणजे आपली ताई. आणि थार्प हे तिच्या पहिल्या नवऱ्याच्या आडनावाचं थोडं बदललेलं रूप. लग्न टिकलं नाही, नाव मात्र टिकलं.

१९३८ साली रोझेटा न्यूयॉर्कला गेली आणि तिची पहिली रेकॉर्ड निघाली. देवाची गाणी ती रात्रीच्या नाचगाण्याच्या क्लबात म्हणू लागली. चर्चमधली बरीच माणसं रागावली. देवाचं गाणं दारूच्या टेबलांपुढं कसं म्हणायचं? रोझेटानं दोन्हीकडं गायचं सोडलं नाही.

तिचं वाजवणं वेगळं काय होतं? साध्या गिटारीचा आवाज तिच्या लाकडी पेटीत घुमतो. गर्दीत तो विरून जातो. विजेच्या गिटारीत तारांखाली लोहचुंबक आणि तांब्याच्या बारीक तारेची गुंडाळी असते. तार थरथरली की त्या गुंडाळीत वीज निर्माण होते. ती यंत्रातून मोठी होऊन कर्ण्यावाटे बाहेर पडते. रोझेटानं ही गिटार लवकर आपलीशी केली. नुसती गाण्याला साथ न देता गिटारच पुढं होऊन बोलायची. तिचं १९४४ साली ध्वनिमुद्रित झालेलं 'स्ट्रेंज थिंग्ज हॅपनिंग एव्हरी डे' हे गाणं पुढच्या वर्षी काळ्या लोकांच्या संगीताच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर पोचलं. हेच पहिलं रॉक अँड रोल गाणं, असं म्हणणारे जाणकार आहेत.

पण तो काळ रंगभेदाचा. दक्षिणेकडच्या राज्यांत काळ्या माणसांना गोऱ्यांच्या हॉटेलात खोली मिळत नसे, खानावळीत बसता येत नसे. जिच्या गाण्याला सभागृह भरायचं, ती रात्री आपल्या बसमध्येच झोपायची.

१९४७ साली जॉर्जिया राज्यातल्या मेकन गावी तिचा कार्यक्रम होता. तिथं चौदा वर्षांचा एक पोरगा तिचीच गाणी म्हणत होता. तिनं ते ऐकलं, त्याला रंगमंचावर बोलावलं, गायला लावलं आणि वर पैसेही हातावर ठेवले. तोच पोरगा पुढं लिटल रिचर्ड म्हणून जगभर गाजला. जॉनी कॅश या मोठ्या गायकानं १९९२ साली सन्मान स्वीकारताना रोझेटाचं नाव आठवणीनं घेतलं.

तिच्या हयातीत लोक तिची तारीफ कशी करायचे? "बाई असून पुरुषासारखी वाजवते!" खरं तर पुरुष तिच्यासारखं वाजवायला शिकत होते. १९५५ च्या सुमारास हीच चाल पोरांच्या गळ्यात गेली, रेडिओ आणि टीव्हीवर आली, आणि अमेरिकेत रोझेटा मागं पडली. इंग्लंडनं मात्र तिला बोलावलं. १९६४ साली मँचेस्टरजवळच्या एका बंद पडलेल्या रेल्वे स्टेशनात टीव्हीसाठी कार्यक्रम झाला. एका फलाटावर प्रेक्षक, दुसऱ्यावर कलाकार. पाऊस पडत होता. पन्नाशीला आलेली रोझेटा लांब कोट घालून, गळ्यात पांढरी गिटार अडकवून उभी राहिली आणि पावसाचंच गाणं म्हणाली. ती चित्रफीत आजही मोबाईलवर बघायला मिळते. जरूर बघा.

पुढं तिला साखरेच्या आजारानं गाठलं, एक पाय कापावा लागला. ९ ऑक्टोबर १९७३ रोजी फिलाडेल्फिया शहरात ती गेली. वय ५८. तिला पुरलं त्या जागी नावाचा दगडसुद्धा नव्हता.

पस्तीस वर्षं ती कबर तशीच होती. २००८ साली चाहत्यांनी गाण्याचा कार्यक्रम करून पैसे उभे केले, तेव्हा दगड बसला. रॉक अँड रोलचं एक मानाचं दालन अमेरिकेत आहे. एल्विस, चक बेरी, लिटल रिचर्ड यांची नावं तिथं १९८६ साली, पहिल्याच वर्षी लागली. रोझेटाचं नाव लागायला २०१८ उजाडलं.

मैत्रिणींनो, रोझेटाच्या रेकॉर्ड होत्या, चित्रफिती होत्या, म्हणून इतक्या उशिरा का होईना, तिचं नाव सापडलं. जिची काहीच नोंद नाही तिचं काय? तुमच्या गावात चाली बसवणारी, गाणं सांगणारी, पोरींना वाजवायला शिकवणारी बाई असेल. पुढच्या बैठकीत गटाच्या वहीत एक पान तिच्यासाठी ठेवा. नाव लिहा, तिनं काय केलं ते लिहा, आणि तिला वाचून दाखवा. दगडावर नाव कोरायची वाट कशाला बघायची? ती समोर बसलेली असतानाच लिहू या.