वाडी ते वाडी : डोंगरवाटेवरील मुक्कामांची आंखणी

युरोप खंडांतील आल्प्स पर्वतांत पायीं हिंडणाऱ्या लोकांची एक रीत आहे. पाठीवर तंबू नाहीं, शिधा नाहीं. सकाळीं एका डोंगरकुटींतून निघावें, दिवसभर रानांतून व खिंडींतून चालावें आणि सायंकाळीं दुसऱ्या कुटींत पोहोंचून तयार जेवणास बसावें. स्वित्झर्लंडांतील आल्पाइन क्लब १८६३ सालीं स्थापन झाला व त्याच सालीं त्याची पहिली कुटी उभी राहिली. आज त्याच्या कुट्या दीडशेंच्या आसपास आहेत. मों-ब्लां शिखराभोंवतालची सुमारें १७० किलोमीटरांची प्रदक्षिणा फ्रान्स, इटली व स्वित्झर्लंड अशा तीन देशांतून जाते, आणि लोक ती दहा-अकरा दिवसांत ह्याच रीतीनें पुरी करतात. कुटीचा राखणदार किती माणसें येणार हें आधीं विचारून ठेवतो, तितकेंच शिजवितो, आणि येणार म्हणून कळवून जो आला नाहीं त्याची चौकशी करतो.

ही हकीकत शेतकी मासिकांत कशाला, असें कोणी म्हणेल. उत्तर असें कीं, आमच्या चौक-कर्जत-खालापूरच्या डोंगरांत हीच व्यवस्था नांवावांचून कित्येक वर्षें चालत आली आहे. मात्र येथील कुटी कोणा क्लबाची नव्हे. ती ठाकूर शेतकऱ्याचें राहतें घर होय. राखणदार म्हणजे त्या घरची गृहिणी, आणि शिजतें तें तिच्या कणगींतलें भात. तेव्हां ह्या वाटचालीची आंखणी हा जितका पर्यटकाचा प्रश्न, तितकाच किंबहुना अधिक शेतकऱ्याचा आहे. ती आंखणी शेताच्या पंचांगास धरून झाली तर चार पैसे घरांत येतात. पंचांग सोडून झाली तर काय होतें, हें पुढें सांगावयाचें आहे.

चौकास ह्या बाबतींत जुना मान आहे. १८५० च्या मे महिन्यांत ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांचा तळ चौक येथें होता. येथूनच ते हल्लीं वन ट्री हिल म्हणतात त्या बाजूनें माथेरानावर चढले व रामबागेच्या वाटेनें उतरले. माथेरान हें हवा खाण्याचें ठिकाण झालें तें तेव्हांपासून. १९०७ सालीं छोटी रेल्वे झाली ती मात्र नेरळच्या बाजूनें. चौकची वाट पायवाटच राहिली, आणि आमच्या मतें तें बरेंच झालें, कारण पायीं चालणाऱ्यास चालण्याजोगी वाट त्यामुळेंच उरली.

ह्या वाटेनें आरंभ करून चार दिवसांचा प्रवास कसा बसवितां येतो तो असा. पहिल्या दिवशीं चौकाहून वन ट्री हिलच्या वाटेनें माथेरान. विल्यम नैस्मिथ नांवाच्या स्कॉटिश गिर्यारोहकानें १८९२ सालीं एक ठोकताळा सांगितला होता : दर पांच किलोमीटरांस एक तास, आणि शिवाय दर सहाशें मीटर चढास आणखी एक तास. चौकच्या सपाटीहून माथेरान सुमारें सातशें मीटर उंच, म्हणजे नुसत्या चढाचाच सव्वा तास वाढला. पण हा हिशेब थंड देशांतल्या सराईत माणसाचा आहे. आमच्याकडील घामाच्या हवेंत, ओझें घेऊन, शहरांतल्या माणसानें त्याची दुप्पट धरावी व सकाळीं सात वाजण्यापूर्वीं पायथा सोडावा. दुसऱ्या दिवशीं माथेरानाहून गार्बटच्या सोंडेनें डिकसळ-भिवपुरीकडे उतरावें, तेथून गाडीनें कशेळ्यावरून आंबिवलीस जावें आणि ऊन कलतांना कोथळीगडाच्या माचीवरील पेठ ह्या वाडींत मुक्कामास चढावें. तिसऱ्या दिवशीं गड पाहून उतरावें व खांडस गांठावें. चौथ्या दिवशीं खांडसहून भीमाशंकर. येथें दोन वाटा आहेत. शिडीघाट जवळचा, पण कड्याला लागून व लोखंडी शिड्यांवरून जाणारा. गणेशघाट लांबचा, पण पायाखालीं जमीन असणारा. ज्याच्या बरोबर मुलें अथवा नवखीं माणसें आहेत त्यानें गणेशघाटच घ्यावा, आणि दिवसाचे पांच-सहा तास हातांत ठेवावे. वर गेल्यावर एस. टी. मिळते, त्यामुळें आल्या वाटेनें उतरण्याचें कारण पडत नाहीं.

ज्यांस दोनच दिवस आहेत त्यांनीं कर्जतहून कोंदिवड्यास जावें, कोंढाण्याचीं प्राचीन बौद्ध लेणीं पाहून राजमाचीच्या उधेवाडींत मुक्काम करावा व दुसऱ्या दिवशीं लोणावळ्यास निघावें. श्रीवर्धन व मनरंजन हे दोन्ही बालेकिल्ले वाडीच्या उशालाच आहेत.

हा झाला नकाशा. पण खरी आंखणी नकाशानें होत नाहीं, महिन्यांनीं होते.

आमच्या डोंगरपट्टींतील घर वर्षभर कशांत गुंतलेलें असतें हें पहा. होळीच्या मागेंपुढें राब भाजणें, मृगाच्या सुमारास पेरणी, आषाढांत आवणी, मग बेणणी, दसऱ्यानंतर कापणी व दिवाळीच्या पुढें झोडणी. झोडणी उरकली, खाचरांतल्या उरल्या ओलीवर वाल टाकले, कीं घरांतल्या माणसांस थोडी उसंत मिळते. नेमक्या ह्याच दिवसांत, म्हणजे कार्तिकापासून माघापर्यंत, डोंगरांत चालण्यास सर्वांत उत्तम हवा असते. वाट कोरडी असते, झऱ्यांना पाणी असतें, कणगी भरलेली असते. पौष-माघांत वालाच्या शेंगा भरल्या म्हणजे शेतांतच मडक्यांत भांबुर्डीचा पाला घालून पोपटी लावतात. ती एकदां खाल्लेला पाहुणा पुढच्या वर्षीं आपण होऊन विचारतो. चैत्र लागला कीं झरे आटतात, आणि मग दहा माणसांची टोळी वाडींत उतरली म्हणजे वाडीच्या पिण्याच्या पाण्यांत दहा तोंडें वाढलीं. ज्येष्ठाच्या तोंडाशीं राजमाचीस काजवे पाहावयास लोक येतात, तो आठ-पंधरा दिवसांचाच प्रकार.

आणि प्रत्यक्षांत गर्दी केव्हां होते? आषाढ-श्रावणांत. धबधबे सुटले कीं मुंबई-पुण्याच्या गाड्या शनिवारीं सकाळीं कर्जत-खालापूरच्या रस्त्यांवर लागतात. तेव्हां शेतकरी गुडघाभर चिखलांत आवणीला वांकलेला असतो. घरांत म्हातारें माणूस व लेंकरें तेवढीं. चुलीला वाळलें लांकूड नाहीं. अशा वेळीं वीस जणांची पंगत मांडावी तर आवणीचा एक गडी घरीं बसवावा लागतो, आणि ह्या भागांत आवणीच्या आठवड्यांत गडी किती दामाला मिळतो हें वाचकांस सांगावयास नको. चालणारांना हिरवा डोंगर हवा असतो, त्यांत गैर कांहीं नाहीं. परंतु डोंगर सर्वांत हिरवा असतो तेव्हांच तो सर्वांत जड झालेला असतो.

इर्शाळगडाच्या उतारावर, चौकच्या माथ्याशीं, चाळीसांवर घरांची ठाकूर लोकांची इर्शाळवाडी होती. गडावर जाणारे लोक तेथेंच विसावत, जेवत, कधीं रात्रीं राहत. चौकाहून दिवसांत जाऊन येण्याजोगा गड, आणि वाटेवर भाकरी देणारीं घरें. वाडी-ते-वाडी प्रवासांतली ही आमची पहिली पायरी होती म्हणावयास हरकत नाहीं. १९ जुलै २०२३ च्या रात्रीं, तीन दिवसांत सुमारें ५०० मिलिमीटर पाऊस पडल्यावर, वरचा डोंगर घसरून वाडीवर आला. गाडीरस्ता नसल्यानें यंत्रें वर नेतां आलीं नाहींत. खराब हवेमुळें हेलिकॉप्टरही उतरूं शकलें नाहीं. चिखल हातांनीं व फावड्यांनीं उपसावा लागला. मदतीस चढून जातांना नवी मुंबईच्या अग्निशमन दलांतील एका अधिकाऱ्यास हृदयविकारानें मृत्यू आला. २३ जुलै रोजीं शोध थांबविला तेव्हां २७ देह मिळाले होते आणि ५७ माणसें सांपडलीं नव्हतीं. गडाची वाट पायाखालीं असलेले गिर्यारोहक, त्यांत खोपोलीचे यशवंती हायकर्स, मदतीस धांवून आले. वांचलेल्या कुटुंबांस प्रथम चौक येथें पत्र्याच्या कंटेनरांत ठेवण्यांत आलें व नंतर चौकजवळच नवीं घरें बांधण्यांत आलीं.

ही वाडी दरडीचा धोका असलेल्या गांवांच्या सरकारी यादींत नव्हती. प्रस्तुत लेखकाची हयात महसुली दप्तरांत गेली आहे. त्या अनुभवावरून एवढें सांगतों कीं, यादी ही मागें घडलेल्यावरून तयार होते. जेथें पूर्वीं दरड पडली तें गांव यादींत चढतें; जेथें अद्याप पडली नाहीं तें कागदावर सुरक्षित राहतें. भीमाशंकरच्या पलीकडे आंबेगांव तालुक्यांतील माळीण ३० जुलै २०१४ रोजीं गाडलें गेलें, तेथें दीडशेंवर माणसें गेलीं. महाड तालुक्यांतील तळिये २२ जुलै २०२१ रोजीं. इर्शाळवाडी १९ जुलैस. तिन्ही तारखा जुलैच्या उत्तरार्धांतल्या आहेत. जूनभर पिऊन भिजलेली माती, खालीं काळा पाषाण, आणि त्यावर दोन-तीन दिवसांची अखंड झड. हा मेळ त्याच पंधरवड्यांत बसतो. आणि गडांवर सर्वांत अधिक माणूसही त्याच पंधरवड्यांत चढतें.

म्हणून पावसाळ्यांत उतारावरच्या वाडींत मुक्काम मागूं नये व वाडीकरानें देऊंही नये. दिवसां येऊन जाणारास चहा-पाणी द्यावें आणि अंधारापूर्वीं खालीं धाडावें. पाहुणा परत धाडणें आमच्या लोकांच्या जिवावर येतें खरें. तेव्हां हा नियम एकेका घराचा न ठेवतां साऱ्या वाडीचा ठेवावा, म्हणजे नाहीं म्हणण्याचा वाईटपणा कोणा एकाकडे येत नाहीं. झऱ्याचें पाणी एकाएकीं गढूळ झालें, घराच्या भुईला वा वरच्या बांधाला भेग गेली, झाडें कलूं लागलीं, तर पाहुण्यांचाच काय, घरच्यांचाही मुक्काम तेथें नको.

आतां हिंवाळ्यांतील व्यवस्थेविषयीं. एका घरीं किती माणसें घ्यावीं हें तांदुळावरून ठरवूं नये, पाण्यावरून ठरवावें. दहा माणसांना रात्रभर व सकाळीं मिळून माणशीं पंधरा लिटर धरलें तरी दीडशें लिटर झालें, म्हणजे पंधरा लिटरांचे दहा हंडे. डोईवर दोन हंडे घेऊन बाई पांच खेपा करील. झरा जाऊन-येऊन अर्ध्या तासावर असेल तर अडीच तासांची मजुरी केवळ पाण्यांत गेली. दर ठरवितांना पुष्कळ लोक ही मजुरी धरीत नाहींत, घरच्या तांदुळाची किंमतही धरीत नाहींत, आणि मग भाजी-तेलाचा खर्च वजा जातां उरलें तें सारें नफा समजतात. हा नफा नव्हे. आल्प्समधील कित्येक कुट्यांत पिण्याच्या पाण्याचे वेगळे पैसे पडतात आणि आणलेला केरकचरा ज्याचा त्यानें खालीं न्यावयाचा असतो. आपण ह्या दोन्ही गोष्टी संकोच न करतां सांगाव्या.

दुसरी गोष्ट पाळीची. वाटेवरचें पहिलें घर सारे पाहुणे घेतें व आंतलीं घरें पाहत राहतात, त्यांतून वाडींत तेढ पडते. घरांची पाळी लावावी, आणि एक वही ठेवावी. वहींत पाहुण्याचें नांव, माणसें किती, कोठून आलीं, कोठें जाणार, सकाळीं किती वाजतां निघालीं व पुढच्या वाडींत कोणास कळविलें, एवढे रकाने पुरेत. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा; पेठेहून निघालेली टोळी रात्रीं आठपर्यंत खांडसास पोहोंचली नाहीं तर शोध कोठून सुरू करावयाचा हें त्यानेंच कळतें. राज्य सरकारचें कृषी पर्यटन धोरण २०२० सालीं झालें आहे. ज्यांस हें काम नियमानें करावयाचें आहे त्यांनीं त्याखालीं नोंद करावी. भीमाशंकर हें १९८५ पासून अभयारण्य आहे. तेथें शेकरूचें रान आहे, रात्रीं रानांत राहणें व जाळ करणें चालत नाहीं, म्हणून शेवटचा मुक्काम खांडसासच ठेवणें सोयीचें.

एक गोष्ट आणखी, आणि ती लेखकाच्या जुन्या कामांतली आहे. कर्जत-खालापुरांत शेतघरांसाठीं जमिनी विकल्या जात आहेत, आणि कुंपणें पडूं लागलीं कीं वाडीची जुनी वाट एके सकाळीं तारेच्या आंत गेलेली दिसते. लोक वर्ष-दोन वर्षें वळसा घालून जातात व मग कचेरींत येतात. शेताकडे जाण्याची वहिवाटीची वाट कोणी अडविली तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याच्या ५ व्या कलमाखालीं तहसिलदाराकडे दाद मागतां येते. परंतु ती अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आंत मागावी लागते. अर्जासोबत गांवनकाशाची प्रत व वाटेवर ज्यांचीं शेतें आहेत त्यांचे सातबारा जोडावेत, आणि अडथळ्याची तारीख अर्जांत स्पष्ट लिहावी. झोडणी आटोपल्यावर, पाळी लावण्यापूर्वीं, वाडीकरांनीं दोघा-तिघांस पुढच्या वाडीपर्यंत एकदां चालवून वाट मोकळी आहे कीं नाहीं हें पाहून घ्यावें.